जावा की लॅबव्ह्यू? आधी पंपरूममध्ये काय झालं ते सांगा

नमस्कार,

तुमचं मेल दोनदा वाचलं. मुलगा इन्स्ट्रुमेंटेशनच्या टीईला (इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला), सीजीपीए ६.८, एम-फोरची (गणिताच्या चौथ्या पेपरची) केटी, म्हणजे नापास विषय, राहिलीये, तुम्हाला तो जावा शिकून आयटीत जायला हवाय, आणि ते नाहीच जमलं तर ठाण्यातल्या एका क्लासचा ऐंशी हजारांचा लॅबव्ह्यू (मोजमापाची यंत्रं चालवायचं सॉफ्टवेअर) कोर्स, 'प्लेसमेंट गॅरंटीड', ज्याचं पाच हजार टोकन तुम्ही भरूनही आलात. आता मला विचारताय की जावा की लॅबव्ह्यू. सांगते, पण अख्ख्या मेलमध्ये 'आम्ही ठरवलं' चार वेळा आहे आणि मुलाचं स्वतःचं एक वाक्य नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? टोकन भरायला तो बरोबर होता का? मला तरी वाटतं त्याला पावती बघूनच कळलं असणार.

तो दिसतो फक्त तुमच्या तक्रारीत. सोसायटीच्या पंपाची मोटर सारखी ट्रिप होत होती, आपोआप बंद पडत होती, म्हणून हा पठ्ठ्या दोन रात्री पंपरूमबाहेर खुर्ची टाकून बसला, आर्डुइनो (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) आणि एलएम-३५ चा तापमानाचा सेन्सर लावून मोटरचं टेंपरेचर लॅपटॉपवर घेत. मोटर बंद असतानाही आकडा कधी ४० कधी १४०, सेक्रेटरी हसले, मग दोन दिवस हा एकेक वायर हलवून बघत बसला आणि शेवटी ब्रेडबोर्डमधली (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पट्टीतली) ग्राउंडची वायर ढिली निघाली. तुम्ही पुढे लिहिलंय, 'असल्या उद्योगात वेळ घालवतो'. अहो, याच उद्योगाचा पगार मिळतो लोकांना! समोर आलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवणं आणि तो का चुकला ते सापडेपर्यंत न उठणं, टेस्ट इंजिनीअरचं, म्हणजे यंत्रं-सर्किटं मोजून तपासणाऱ्याचं, निम्मं काम हेच आहे, आणि ते शिकवणारा क्लास मी तरी अजून पाहिलेला नाही.

मी काउन्सेलिंगमध्ये यायच्या आधी नऊ वर्षं हेच काम केलंय. एका कंपनीत आमच्या टेस्ट रिगवर, म्हणजे तपासणीच्या सेटअपवर, तीन आठवडे चांगले सर्किट बोर्ड फेल होत होते, सगळे सॉफ्टवेअरवाल्या पोरांना शिव्या घालत होते, प्रोग्राम दोनदा नव्याने लिहून झाला. शेवटी कळलं काय, तर फिक्स्चरच्या (बोर्ड धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) स्प्रिंगवाल्या पिना झिजलेल्या, कॉन्टॅक्टचाच रेझिस्टन्स मोजमापात मिसळत होता. चार वायरींनी मोजलं असतं, म्हणजे करंट एका जोडीतून आणि व्होल्टेज दुसऱ्या जोडीतून, तर पहिल्या दिवशी सापडलं असतं. साहेबांनी मीटिंगमध्ये मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता तो गैरसमज. लॅबव्ह्यू आलं की नोकरी पक्की, असं क्लासवाले सांगतात. लॅबव्ह्यू चांगलं आहे, त्यात वाद नाही. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने ते १९८६ मध्ये काढलं, तेही आधी मॅकवर, कोड टाइप करायच्या ऐवजी स्क्रीनवर डबे मांडून वायरींनी जोडायचे, आणि मल्टिमीटर, डेटा घेणारी कार्डं, पीएक्सआयचे (मोजमापाच्या मॉड्यूलर यंत्रांचे) रॅक सगळं त्याला लावता येतं. पण ती कंपनीच २०२३ मध्ये एमर्सनने घेतली, आणि आज कितीतरी टीम तेच काम पायथन या फुकट प्रोग्रामिंग भाषेत करतात, कारण बऱ्याचशा मीटर आणि ऑसिलोस्कोपना एससीपीआय या ठरलेल्या पद्धतीच्या साध्या टेक्स्ट कमांड समजतात, त्या लॅबव्ह्यूने पाठवा नाहीतर पायथनने, मीटरला काय फरक पडतो? टूल बदलत राहतं हो. उद्या इंटरव्ह्यूत विचारलं की ९० हर्ट्झचं व्हायब्रेशन सेकंदाला १०० सॅम्पलने (सेकंदात शंभर वेळा मोजून) घेतलं तर स्क्रीनवर काय दिसेल, तर १० हर्ट्झ दिसेल, आणि ते का हे ज्याला सांगता येतं त्याला घेतात. नुसते डबे जोडता येणारे रांगेने उभे असतात. आणि लॅबव्ह्यूची कम्युनिटी एडिशन २०२० पासून घरच्या, बिगर-धंदेवाईक वापराला फुकट आहे, मग ऐंशी हजार नक्की कशाचे?

गेटची परीक्षा, मग एमटेक किंवा बीएआरसी-इस्रो, हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, परत सांगत नाही.

आयटी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, पोराने स्वतः मागितली असती जावा तर मीच म्हटलं असतं कर. पण 'मावसभाऊ आयटीत आहे' हे कारण होऊ शकत नाही. आणि दुसरी बाजूही ऐका, टेस्टच्या लाईनीत सुरुवातीचा पगार मावसभावाएवढा नसेलही, रबाळे-महापे किंवा अंधेरीत जमलं तर ठीक, नाहीतर चाकण नाहीतर बंगळुरूला जावं लागेल. घर सोडायची तयारी त्याची आहे का, आणि खरं सांगा, तुमची आहे का?

त्यालाही दोन शब्द सुनवायचेत. केटी काढ बाबा. कॅम्पसला साठ टक्के आणि एकही लाइव्ह केटी नको, अशी अट बऱ्याच कंपन्या घालतात, तिथे तुझ्या पंपाची गोष्ट ऐकायला कोणी बसणार नाही. ती निघाली की लॅमिंग्टन रोडवरून एक बरा मल्टिमीटर घे, तोच सेन्सर नीट सील करून बर्फाच्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात तपास. एलएम-३५ डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, तुझ्या आर्डुइनोची एक पायरी (त्याला कळणारा सगळ्यात लहान फरक) साधारण ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्ध्या डिग्रीच्या आतलं तुला दिसतच नाहीये, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? ते सगळं, ढिल्या वायरीसकट, दोन पानांत लिहून काढ आणि मला तूच पाठव, बाबांच्या मेलवरून नको.

आणि हो, मोटर का ट्रिप होत होती ते तुम्ही लिहिलंच नाहीत. त्याला विचारा.

टोकनचे पाच हजार या आठवड्यातच परत मागा, पावतीच्या मागे 'नॉन-रिफंडेबल' छापलंय का ते आधी बघा.