शेवटच्या दिवशी त्यांना तुझं लंडन दाखव

प्रिय लेकी,

तुझी यादी वाचली. रविवारी दुपारी तुझ्या आई-बाबांचं परतीचं विमान, आणि शनिवारच्या एका दिवसात तू टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबी, ब्रिटिश म्युझियम, ग्रीनिच आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची खरेदी बसवली आहेस. ग्रीनिच ठेव, बाकीची चार नावं खोड. तुझे बाबा भूगोल शिकवायचे म्हणून ग्रीनिच. माझेही भूगोलच शिकवायचे.

1998 च्या जूनमध्ये माझे आई-बाबा माझ्याकडे लंडनला आले होते. त्यांचा शेवटचा दिवस मी अशीच यादी हातात घेऊन घालवला. सकाळी टॉवरमध्ये सरकत्या पट्ट्यावर उभं राहून कोहिनूरचा मुकुट पाहिला. आईला मागे वळून नीट बघायचं होतं, तोवर पट्टा पुढे गेलेला. तिथून बोटीने टॉवर ब्रिजखालून ग्रीनिचला. टेकडीचा चढ बाबांना झेपेना, तरी मी पुढे चालत राहिले, कारण संध्याकाळच्या एका ठिकाणाची तिकिटं काढून ठेवली होती.

वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखांशाची धातूची पट्टी आहे. बाकीचे लोक दोन्हीकडे पाय ठेवून फोटो काढत होते. बाबांनी वाकून तिला हात लावला, उंबऱ्याला लावावा तसा. तीस वर्षं ही रेघ त्यांनी फळ्यावर खडूने काढली होती. फाटकाशी 1852 सालचं चोवीस तासांचं घड्याळ आहे, ते बारा महिने ग्रीनिचचीच वेळ दाखवतं. उन्हाळ्यात लंडनची सगळी घड्याळं तासभर पुढे जातात, हे जात नाही. बाबांच्या मनगटावर अजून भारतातली वेळ होती. त्यांनी दोन्ही घड्याळं पाहिली आणि आईला हिशोब सांगायला लागले: आपली वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरलेली, पंधरा अंशांना एक तास, म्हणजे बरोबर साडेपाच. आई मन लावून ऐकत होती. आणि मी म्हटलं, "बाबा, चला ना, उशीर होतोय."

ते लगेच निघाले. पुढे काय पाहिलं ते आज मला आठवतसुद्धा नाही.

रात्री बॅगा भरताना आई म्हणाली, "तू अभ्यासाला बसतेस ती जागा राहिलीच की गं." तोवर लायब्ररी बंद झाली होती. नंतर दोन वर्षं मी कार्ड घालून फोन करायचे, "आत्ताच लायब्ररीतून आले" म्हणायचे. आईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं की तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आपल्या गावचं वाचनालय यायचं, लांब बाकं, पेपर वाचणारे म्हातारे आणि त्यांच्यात मी. तुम्ही व्हिडिओ कॉल करता हे खरं, पण त्यात चेहरा दिसतो, वस्ती दिसत नाही.

म्हणून शनिवारी सकाळी घाई न करता आईला तुझ्या रोजच्या रस्त्याने ने. तू बस पकडतेस तो थांबा, कोथिंबीर-मिरच्या घेतेस ते दुकान, कॉलेजचं दार (आत सोडत नसतील तर बाहेरून), डबा खातेस तो बाक. त्या बाकावर तिला बसू दे. सामायिक स्वयंपाकघरात फ्रिजमधला तुझा कप्पा कोणता, तेही दाखव. ती तो पुसायला घेईल, घेऊ दे.

ग्रीनिचला दुपारी जा. आईच्या गुडघ्यांचं तू लिहिलं आहेसच, तेव्हा नदीकडून चढू नका. ब्लॅकहीथच्या फाटकातून आत गेलं की वेधशाळेपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आहे, आणि परतही तिकडूनच या, कारण उतार गुडघ्यांना चढापेक्षा जास्त छळतो. बोटीत बसायची हौस असेल तर धक्क्यावरून त्या फाटकापर्यंत टॅक्सी कर. चार पैसे जातील, जाऊ देत.

तिथे पोचल्यावर बाबांना बोलू दे. त्यांनी शिकवलेलं तुला सगळं पाठ असेल, तरी एकदा विचार, की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे गेली की आपल्यातले साडेचार तास साडेपाच का होतात. ते सांगत असतील तेवढा वेळ फोन पर्समध्ये ठेव.

जेवण बाहेर नको. आईला पिठलं-भात करायचा असेल, तिला भांडी काढून दे.

रविवारी त्यांना सोडून खोलीवर आलीस की मला फोन कर, कितीही वाजले तरी. आईला कोणता बाक दाखवलास, ते मला ऐकायचं आहे.

तुझ्या
बाई