इमारत शिष्याच्या नावाची, मैदान गुरूच्या: कॅन्ससचं ॲलन फील्डहाउस

तुमचा भाचा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्सला शिकायला गेलाय, फोनवर अभ्यास सोडून सारखं ‘फील्डहाउस, फील्डहाउस’ करतो, आणि बास्केटबॉलच्या एका हॉलचं एवढं काय कौतुक, असं तुम्ही विचारलंय. मी कॅन्सस विद्यापीठात दोन वर्षं काढली. पहिले चार महिने मलाही हा वेडेपणाच वाटला होता, तेव्हा भाच्याला फार बोलू नका.

फील्डहाउस म्हणजे छप्पर घातलेलं मैदान. तिकडचा हिवाळा कडक, म्हणून धावपटूंनाही आत सराव करता यावा अशी सोय. ॲलन फील्डहाउस बाहेरून पाहिलंत तर चुनखडीच्या दगडाचं भलंमोठं गोदाम वाटतं. पण त्याची गोष्ट इमारतीच्या बरीच आधी सुरू होते.

बास्केटबॉल १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जन्मला. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या शाळेतल्या जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात कोंडलेल्या पोरांसाठी पीचच्या टोपल्या टांगून तेरा नियम लिहिले. (आपल्याकडेही हा खेळ आणला तो वायएमसीएवाल्यांनीच.) १८९८ मध्ये हेच नेस्मिथ कॅन्ससला आले आणि तिथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. गंमत बघा: त्यांच्या काळात संघ ५५ सामने जिंकला आणि ६० हरला. या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले ते एकटेच. ज्याने खेळ काढला तोच! पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असं त्यांचं मत.

त्यांचा विद्यार्थी फॉरेस्ट ॲलन याला ते पटलं नाही. त्याने आयुष्यभर तो शिकवलाच. ॲलन बेसबॉलचे पंच होते तेव्हा आवाज असा, की धुक्यात जहाजं वाजवतात त्या भोंग्यासारखा. म्हणून ‘फॉग’ हे टोपणनाव पडलं. १९५२ मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तोवर सामने होत होते ते हॉक ऑडिटोरियममध्ये, म्हणजे मुळात सभा-नाटकांसाठी बांधलेल्या सभागृहात. गर्दी मावेना, म्हणून नवी वास्तू हवी होती.

आणि इथे अडचण आली पोलादाची. कोरियन युद्ध चालू होतं, पोलादावर सरकारी नियंत्रण. बास्केटबॉलसाठी कोण देणार? तेव्हा असं सांगतात, की नकाशात शस्त्रं ठेवायच्या खोल्या दाखवल्या, इमारत लष्करी प्रशिक्षणालाही उपयोगी पडेल असं कागदावर आलं, आणि पोलाद सुटलं. कोटा-परमिटच्या काळातल्या आपल्या लोकांना ही युक्ती शिकवावी लागणार नाही.

१ मार्च १९५५ ला उद्घाटन झालं. समोर त्याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ, कॅन्सस स्टेट, म्हणजे घरचंच वैर. सतरा हजारांवर लोक आले आणि कॅन्ससने ७७-६७ ने सामना जिंकला. वास्तूला ॲलन यांचं नाव दिलं होतं आणि ते स्वतः बाकावर प्रशिक्षक म्हणून बसलेले होते. जिवंतपणी आपल्याच नावाच्या इमारतीत नोकरी करायचं भाग्य किती जणांना लाभतं?

पण ते फार टिकलं नाही, आणि मला या सगळ्या इतिहासात चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. फिलाडेल्फियाहून सात फूट उंचीचा विल्ट चेंबरलेन हा खेळाडू ॲलन यांच्या ओढीने कॅन्ससला आला. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे. १९५५ च्या नोव्हेंबरात नवख्यांचा संघ मुख्य संघाशी खेळला, विल्टने ४२ गुण केले आणि नवखेच ८१-७१ ने जिंकले. ॲलन मात्र सत्तरीला पोचले होते. सत्तरीला निवृत्ती हा नियम, तो काही बदलला नाही. डिसेंबर १९५६ मध्ये विल्टने याच मैदानात मुख्य संघाकडून पहिल्याच सामन्यात ५२ गुण केले आणि ३१ रिबाउंड (नेम चुकून उसळलेले चेंडू) घेतले, तेव्हा प्रशिक्षक दुसरेच होते.

आता आवाजाबद्दल. फेब्रुवारी २०१७ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाविरुद्ध इथे १३०.४ डेसिबल मोजले गेले, तो तेव्हा बंदिस्त क्रीडागृहातल्या गोंगाटाचा गिनेस विक्रम ठरला. त्याच सामन्यात तीनेक मिनिटं उरली असताना कॅन्सस १४ गुणांनी मागे होतं आणि तरी जादा वेळेत जिंकलं. मी गेलो तो सामना इतका रंगतदार नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात गुं गुं चालू होतं. विरोधी खेळाडूंची नावं पुकारताना पोरं वर्तमानपत्र उघडून वाचल्याचं सोंग करतात. विरोधी खेळाडू पाच फाउल होऊन बाहेर गेला की सगळे हात वर करून संथ डोलवतात: वाऱ्यावर गहू डोलतो तसे. कॅन्सस गव्हाचं राज्य. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या गावाकडची ज्वारी आठवली.

शिवाय चांगल्या जागेसाठी नंबर लावणं आहेच. गट करून नाव नोंदवायचं, गटातल्या कुणीतरी तिथे हजर राहायचं, अधूनमधून हजेरी होते आणि कुणी सापडलं नाही तर नाव कट. आमचा गट असाच एकदा बाद झाला. ड्युटी माझी होती आणि मी चहा शोधायला गेलो होतो. ते मला अजून ऐकवतात.

लाकडी कोर्टाला मात्र नाव आहे जेम्स नेस्मिथ यांचं. म्हणजे भिंती शिष्याच्या आणि पायाखालची फळी गुरूची. खेळ शिकवायचा की नुसता खेळायचा, हा त्यांचा वाद असा एकाच छपराखाली राहायला आलाय.

२०१० मध्ये नेस्मिथ यांच्या मूळ तेरा नियमांचा लिलाव झाला. विद्यापीठाचे माजी विद्यार्थी डेव्हिड बूथ यांनी ४३ लाख डॉलरहून जास्त मोजून ते घेतले आणि लॉरेन्सला आणले. आता फील्डहाउसला लागून असलेल्या इमारतीत ती टंकलिखित दोन पानं काचेआड ठेवली आहेत. तुम्ही भाच्याकडे गेलात आणि सामन्याचं तिकीट नाही मिळालं, तर निदान ती पाहून या, त्यांना पैसे पडत नाहीत.