निकाल माहीत असलेली लढाई टेबलावर पुन्हा का खेळायची?

तुमचा प्रश्न असा: 'छोटे सैनिक मांडून इंग्रजी अमदानीतल्या लढाया खेळणारे लोक, निकाल आधीच ठाऊक असताना तीच लढाई पुन्हा का खेळतात? आणि त्यांच्यात इंग्रज कोण होतं?'

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे. चिठ्ठ्या टाकतो. पहिल्या भागाने मात्र आमचा एक अख्खा शनिवार खाल्ला, म्हणून तोच सांगतो.

आम्ही पाच मित्र. दोन दिवस मोकळे काढले आणि असईची लढाई मांडली. २३ सप्टेंबर १८०३, एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. आमचे सैनिक सहा मिलिमीटरचे, तांदळाच्या दाण्याएवढे. एक शिपाई म्हणजे पन्नास माणसं असा हिशेब. शिंद्यांकडचं कवायती पायदळ सुमारे १०,८०० धरलं, तर २१६ दाणे रंगवायचे. त्यातले निम्मे माझ्या वाट्याला आले. शंभराव्या शिपायानंतर मी पट्टे, बटणं वगैरे सोडून दिलं. हातभर अंतरावरून काही दिसत नाही, पण ज्याने रंगवलंय त्याला कायम दिसतं.

टेबलावर केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या निळ्या कापडी पट्ट्या, त्यांच्या बेचक्यात शिंद्यांची फौज, आणि जुईच्या काठाला असई. ही लढाई कशावर फिरली ते तुम्ही वाचलं असेल. वाटाडे सांगत होते की केळणेला इथे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, नाही. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, आणि त्याने अंदाज बांधला की दोन्ही गावांचं येणंजाणं असणारच, म्हणजे मधे उतार असणारच. तसा तो निघाला.

आता शनिवारी काय झालं पाहा. शिंद्यांच्या बाजूच्या मित्राने पहिल्याच चालीत बारा तोफा त्या उताराच्या तोंडाशी नेऊन ठेवल्या. इंग्रज पाण्यात उतरले आणि तिथेच संपले. सकाळी साडेअकराला लढाई आटोपली, जिंकणारा खूश, बाकीचे चौघे एकमेकांकडे बघत बसलेले. त्याने लढाई जिंकलीच नव्हती, फक्त इतिहासाचा धडा आठवला होता. तुमची शंका नेमकी हीच आहे आणि ती रास्त आहे: नुसते सैनिक मांडून फासे टाकले तर हा खेळ निरर्थक होतो.

यावरचा उपाय जुना आहे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली लष्करासाठी असा खेळ रचला, त्यात मधे पंच असायचा. सेनापतीला प्रत्यक्षात जेवढं कळलं असतं तेवढंच तो खेळाडूला सांगायचा. रविवारी पंच मी झालो. नदीवर गावांच्या एकाऐवजी तीन जोड्या ठेवल्या, खरा उतार त्यातल्या एकाच ठिकाणी. कुठे, ते पत्त्यांच्या गड्डीतून एक पान काढून फक्त मी पाहिलं. शिंद्यांच्या बाजूने आपले हुकूम आधी कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचे.

दुसरी गोष्ट घोडदळाची. शिंदे-भोसल्यांकडे हजारोंनी स्वार होते आणि लढाईत त्यांचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. दोघे मालक तर लढाईला तोंड लागल्यावर लवकरच मैदान सोडून गेले. हे नियमात कसं आणायचं? आम्ही प्रत्येक तुकडीच्या नावाचा एक पत्ता केला आणि गड्डीत एक 'बस' पत्ता घातला. तो निघाला की फेरी संपली, ज्यांची नावं आली नाहीत ते जागच्या जागी. स्वारांचा पत्ता मी मुद्दाम एकच ठेवला, पायदळाला दोन-दोन. ज्या मित्राकडे घोडदळ होतं तो चार फेऱ्या नुसता बसून होता. पाचव्या फेरीत तो माझ्यावर भडकला, आणि तेव्हा मला वाटलं की नियम जमला.

सगळ्यात रंगला तो मोहरा फिरवण्याचा भाग. इंग्रज भलत्याच बाजूने आलेले पाहून शिंद्यांचा जर्मनीतल्या हानोव्हरचा सेनापती पोलमन याने आपली रांग काटकोनात वळवली होती. हे वेलस्लीला अपेक्षितच नव्हतं. 'आपली फौज बेशिस्त होती म्हणून हरलो' असं आमच्यातला एकजण वर्षानुवर्षं म्हणत आलाय. त्याच्याच हातात ती रांग दिली. एका टोकाची पलटण पुढे गेली, दुसरी अडखळली, मधे खिंडार पडलं, ते बुजवायला दोन फेऱ्या गेल्या. खऱ्या पलटणींनी हे तोफांसकट, शत्रू अंगावर येत असताना केलं होतं. त्यानंतर तो ते वाक्य बोललेला नाही.

मग गोलंदाज. मेल्याचं सोंग घेऊन काही गोलंदाज पडून राहिले आणि इंग्रज पायदळ पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून तोफा डागल्या, हे खरंच घडलं होतं. नियम असा केला की तोफा ओलांडल्या की फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडला तर त्या जिवंत. दोनदा सहा पडला. इंग्रज बाजू 'चीटिंग, चीटिंग' म्हणून ओरडत होती.

आणि इंग्रज म्हणजे तरी कोण? त्या फौजेत स्कॉटिश पलटणी दोनच, बाकी बहुतेक पायदळ मद्रासकडचं. शिवाय म्हैसूरचे स्वार, आणि आदल्या वर्षी इंग्रजांशी झालेल्या वसईच्या तहामुळे खुद्द पेशव्यांचेही. इकडे शिंद्यांकडे युरोपियन अधिकारी आणि सरधन्याच्या जहागीरदार बेगम समरूच्या पलटणी. चिठ्ठीत इंग्रज आला म्हणून तोंड पाडणारा मित्र हे ऐकून जरा सावरला.

रविवारी शेवटी इंग्रज जिंकले, पण असई गावासमोर त्यांची एक अख्खी पलटण कापली गेली. ७४व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीचं तिथे जवळपास तसंच झालं होतं. खऱ्या लढाईत वेलस्लीचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ झाले आणि त्याने ९८ तोफा घेतल्या. आमच्या हिशेबाने त्याची माणसं थोडी जास्त गेली आणि तोफा बऱ्याच कमी मिळाल्या.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर दोन्हीकडे वीस-वीस सैनिक, एक टेकडी आणि एक ओढा पुरे. फक्त एक करा: कोणती लढाई मांडताय ते मित्रांना सांगू नका, गावांची नावं बदला, नकाशा उलटा धरा. आमची पुढची लढाई कोणती हे मीही इथे लिहीत नाही. पाचांतला एकजण ही उत्तरं वाचतो.