एकावर एक फुकट, व्याज वेगळं

मुलुंडहून एका ताईंचं पत्र आलंय. यजमानांच्या हातात ८५,००० येतात, ताईंच्या शिकवण्यांचे २२,०००. मुलगी सात वर्षांची. जागा सासऱ्यांची, त्यामुळे घराचा हप्ता नाही. त्या लिहितात:

"आम्ही तिघंही सिनेमावेडे. दर शुक्रवारी काही ना काही लागतंच, हिंदी, मराठी, दक्षिणेतले डब केलेले. महिन्याला चार तरी होतात. आता जरा हात आखडता घ्यायचाय. यजमान म्हणतात महिन्याचा पास काढू. मी म्हणते, क्रेडिट कार्डावर एका तिकिटावर एक फुकट मिळतं तेच बरं. यातलं फायद्याचं काय? आणि थेटरात जाऊनच बघावा असा सिनेमा कोणता, ओटीटीवर यायची वाट बघावी असा कोणता, हे कसं ठरवायचं?"

इथवर पत्र झकास आहे. मग शेवटी, जाता जाता: "कार्डाची काळजी नाही, मिनिमम ड्यू आम्ही एकदाही चुकवलेली नाही. पॉलिसीचा ६०,००० चा वर्षाचा हप्ताही त्याच कार्डावर भरतो, म्हणजे खर्चाचं टार्गेट पूर्ण होऊन सिनेमाची व्हाउचर मिळतात. बँकेतल्या मॅडमनीच ही युक्ती सांगितली. दिवाळीच्या बोनसमध्ये सगळं फेडून टाकू. अडीअडचणीला दोन लाखांची एफडी आहे, तिला हात लावत नाही." सोबत कार्डाच्या स्टेटमेंटचा फोटो.

ताई, पासाचं एका परिच्छेदात उरकतो, कारण मला त्या फोटोवर बोलायचंय.

२०२३ मध्ये पीव्हीआर-आयनॉक्सने पास आणला तेव्हा ६९९ रुपयांत महिन्याला दहा सिनेमे होते, पण सोमवार ते गुरुवार, आणि माणशी एक पास. पुढे त्यात बदल होत गेले. असल्या पासांचा रोख कायम एकच असतो: रिकाम्या दिवसांच्या रिकाम्या खुर्च्या भरायच्या. तुमचे यजमान रात्री साडेआठला स्टेशनवर उतरतात असं तुम्हीच लिहिलंय, आणि मुलीची शाळा सकाळची. मंगळवारी रात्री पावणेदहाच्या खेळाला कोण जाणार? कॉलेजातल्या पोराला हा पास परवडेल. तुम्ही तो काढाल, पहिल्या महिन्यात हौसेनं दोन सिनेमे बघाल आणि पुढचे महिने नुसते पैसे भराल. नको.

आता फोटो. एका शनिवारची नोंद बघितली. तीन तिकिटं प्रत्येकी ३५० ची, म्हणजे १,०५०. "फुकट" तिकिटाला २५० ची मर्यादा, म्हणून उरले ८००. ऑनलाइन बुकिंगचे १२० च्या आसपास. मध्यंतरात पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंक ६५०. एकूण १,५७०. अशा चार वाऱ्या, त्यातल्या दोन सवलतीविना, म्हणजे महिन्याला ६,८०० च्या आसपास. सवलत महिन्यातून दोनदाच, म्हणजे कार्डानं तुमचे वाचवले ५००.

त्याच पानावर वरच्या बाजूला एकूण देणं छापलंय: १,४०,०००. ही ओळ तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीत. लपवलीत असं मी म्हणत नाही, मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली नुसती किमान रक्कम, भरणाऱ्यांना ती ओळ दिसायचीच बंद होते.

दर महिना साडेतीन टक्के व्याज. १,४०,००० वर ४,९००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ९०० धरा. झाले ५,८००. तुम्ही दर महिन्याला मिनिमम ड्यू म्हणून ७,००० भरता. त्यातले ५,८०० व्याजात आणि करात जातात, १,२०० मुद्दलात. आणि पुढच्याच शनिवारी १,५७० चा सिनेमा परत त्याच कार्डावर.

आणखी एक गोष्ट मॅडमनी सांगितली नसणार. मागचं देणं पूर्ण न भरता कार्ड वापरलं, की नव्या खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत. तिकीट काढलं त्या दिवसापासून त्यावर व्याज सुरू. म्हणजे त्या "फुकट" तिकिटाच्या जोडीच्या तिकिटावरही तुम्ही व्याज भरताय. महिन्याला ५०० वाचवायला ५,८०० मोजताय. वर्षाचे जवळजवळ ७०,०००. चार सिनेमांचा सगळा खर्च, पॉपकॉर्नसकट, जेवढा होतो जवळजवळ तेवढंच व्याज. प्रत्येक सिनेमाचे पैसे तुम्ही दोनदा भरताय, एकदा खिडकीवर आणि एकदा बँकेला.

"एकदाही चुकवलेली नाही" हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय. बँकेलाही तुमचा तितकाच अभिमान असणार. वेळेवर मिनिमम भरणारा आणि पूर्ण कधीच न भरणारा, याहून लाडकं गिऱ्हाईक नाही. स्टेटमेंटवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड अनेक महिने, वर्षं लांबेल. चष्मा लावून एकदा वाचा.

आता एवढं देणं साठलं कशानं? सिनेमानं नाही, आणि सिनेमा कमी करून ते जाणारही नाही. स्टेटमेंटं मागे चाळलीत तर दोन मोठे आकडे सापडतील, ६०,००० आणि वर्षाने परत ६०,०००. पॉलिसीचे हप्ते.

पॉलिसीचं तुम्ही लिहिलेलं गणित असं: वर्षाला ६०,०००, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १२ लाख मिळणार, "पैसे दुप्पट". दुप्पट हा शब्द ऐकला की आपल्याकडे माणूस कॅलेंडर बघायचं विसरतो. पहिला हप्ता वीस वर्षं अडकणार, दहावा अकरा वर्षं. सरासरी साडेपंधरा. ७२ ला दुप्पट व्हायच्या वर्षांनी भागलं की व्याजाचा दर ढोबळमानानं कळतो, तेव्हा ७२ ला साडेपंधरानं भागा: साडेचार टक्क्यांच्या जरा वर.

साडेचार टक्के मिळवायला तुम्ही वर्षाला ४२ टक्क्यांनी कर्ज काढलंत, वर जीएसटी. आणि ही युक्ती तुम्हाला कुणी दिली, तर जिला पॉलिसी विकायची होती तिनं. तिचं टार्गेट पूर्ण झालं आणि तुमचंही "टार्गेट" पूर्ण झालं, बक्षीस म्हणून तुम्हाला दोन-तीन सिनेमांची व्हाउचर. बँकेच्या काउंटरवर एफडी करायला गेलेल्या माणसाला "एफडीसारखंच आहे, वर विमा फुकट" म्हणून पॉलिसी चिकटवणं हा प्रकार मी इतक्यांदा बघितलाय की आता रागही येत नाही. खोटं कशाला बोलू, येतो.

विमा तरी किती? हप्त्याच्या दहापट, सहा लाख. तुमच्या घरात वर्षाला तेरा लाखांच्या आसपास येतात, त्यातले दहा यजमानांचे. उद्या त्यांना काही झालं तर सहा लाखांत सात महिने निघतील. मुलगी तोवर दुसरीतून तिसरीत जाईल.

तिसरा हप्ता दोन महिन्यांवर आलाय. तो भरू नका. पण क्रम सांभाळा: आधी यजमानांच्या नावानं एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स, ज्यात शेवटी काहीच परत मिळत नाही असा. अडतीस वर्षांच्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला वर्षाला पंधरा-वीस हजारांत बसतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. ती पॉलिसी हातात आली की मगच ही बंद करायची.

बंद करताना पोटात गोळा येणार. भरलेल्या १,२०,००० पैकी आता सोडलीत तर किमान ३० टक्के, ३६,००० च्या आसपास मिळतील. म्हणजे ८४,००० पाण्यात. घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करता येत होती तेव्हा कुणी सांगितलं नाही, आता ती वेळ गेली. "एवढे भरलेत तर पूर्णच करू" असं यजमान म्हणतील, म्हणून तेही मांडतो. उरलेले आठ हप्ते भरलेत तर विसाव्या वर्षी १२ लाख. तेच साठ-साठ हजार आणि ते ३६,००० पीपीएफमध्ये टाकलेत, दर आजचाच ७.१ टक्के राहिला असं धरलं, तर त्याच वर्षी १४ लाखांच्या वर. म्हणजे ८४,००० चा खड्डा धरूनही सोडणं परवडतं. दर बदलतो हे खरं, पण एप्रिल २०२० पासून तो हललेला नाही. कंपनीकडे दोन आकडे लेखी मागा: आज सोडली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर विसाव्या वर्षी किती. फोनवर "थोडं थांबा, पुढच्या वर्षी जास्त मिळतील" हे ऐकवतील. ऐका आणि लेखीच मागा.

एफडीला हात लावत नाही म्हणता. दोन लाखांवर वर्षाला ७ टक्क्यांनी १४,००० येतात, तिकडे ७०,००० जातात. एफडी अडचणीसाठी आहे ना? अडचण आलेली आहे, दर महिन्याला छापून घरी येतेय. १,४०,००० मोडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल टक्का-अर्धा टक्का कापतील, तो कापू द्या. उरलेल्या ६०,००० ची नवी एफडी करा. मोडायला अगदीच जीव धजत नसेल तर एफडीवर कर्ज मिळतं, एफडीच्या दराहून एक-दोन टक्के वर. पण ते कर्ज फेडण्यात परत दिवाळीची वाट बघाल, म्हणून माझा कल मोडण्याकडे. तुमच्याच हिशेबानं "बोनसमध्ये फेडू" म्हणत दोन दिवाळ्या गेल्या. एकदा फ्रिज आला, एकदा गोवा.

कार्डाचे ७,००० सुटले, हप्त्याचे महिना ५,००० सुटले. हे १२,००० एफडी भरेपर्यंत तिच्यातच टाका. बारा महिन्यांत १,४४,०००, मोडलेलं सगळं जागेवर. टर्मचा हप्ता बोनसमधून. पीपीएफ त्यानंतर. एवढं एक वर्ष कार्ड कपाटात. पुढे वापरायचंच असेल तर बँकेत ऑटो-डेबिट "टोटल अमाउंट ड्यू"वर लावा, मिनिममवर नाही. पूर्ण भरणाऱ्याला एकावर एक तिकीट खरोखरच फुकट पडतं, त्याला माझी हरकत नाही.

आता सिनेमे. चाराचे दोन करा, आणि ठरवायचं ते शुक्रवारी नाही. शुक्रवारी सकाळी जे कौतुक फिरतं त्यातलं बरंचसं पैसे देऊन फिरवलेलं असतं. रविवारी रात्रीपर्यंत तुमच्याच इमारतीतलं कुणीतरी बघून आलेलं असतं, त्यांना एकच विचारा: मध्यंतरात मोबाइल काढलात का?

मोठा हिंदी सिनेमा तीन आठवडे कुठे जात नाही, आणि हिंदी सिनेमे साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात. घरातली भांडणं, कोर्ट, पोलीस तपास असलं काही असेल तर दोन महिने थांबा, सोफ्यावर तितकंच रंगतं. दक्षिणेतला भव्य पडद्याचा मामला असेल तर थेटरात, पण दुसऱ्या आठवड्यात. मराठीचं उलट. तो पहिल्या आठवड्यात बघायचा, कारण दुसऱ्या आठवड्यात त्याला सकाळी सव्वाअकराचा एक खेळ उरतो, तोही दहिसरला. २०१५ मध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचा सरकारी निर्णय होऊनही ही रड संपलेली नाही. म्हणून महिन्यातला एक नंबर मराठीला राखून ठेवा आणि जमल्यास दादरच्या प्लाझाला किंवा लालबागच्या भारतमाताला बघा. तिथं हशा आला की अख्खं थेटर हसतं, मॉलमध्ये ते होत नाही. दुसरा सिनेमा मॉलमध्येच, पण शनिवारी संध्याकाळी नाही, रविवारी सकाळच्या पहिल्या खेळाला. तिकीट स्वस्त असतं आणि पोटभर पोहे खाऊन गेलं की ६५० चं पॉपकॉर्नही आठवत नाही. जीएसटीच्या भानगडीत पडू नका. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर आता ५ टक्के आणि वर १८, पण शंभराच्या आतलं तिकीट मुंबईत शोधायला निघालात तर रेल्वेचं भाडंच जास्त होईल. नॅशनल सिनेमा डेला २०२३ आणि २०२४ मध्ये ९९ रुपयांचं तिकीट होतं. परत जाहीर झालं तर त्या दिवशी मुलीची शाळा बुडवायला हरकत नाही.

दोन वाऱ्यांना मिळून दोन-सव्वादोन हजार धरा, डेबिट कार्डानं. उरलेले साडेचार हजार घरात राहतील, ते कुठे जातात यावर लक्ष ठेवा.

एक शेवटचं. १,४०,००० भरलेत तरी पुढच्या स्टेटमेंटवर थोडं व्याज दिसेल. स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापर्यंतचं ते असतं, घाबरू नका, तेही पूर्ण भरा. त्याच्या पुढच्या महिन्यात मात्र "फायनान्स चार्जेस"समोर शून्य पाहिजे. नसेल तर बँकेला लेखी विचारा आणि फोटो मला पाठवा.