हत्तीच्या वाढदिवसाची मेजवानी फस्त होते, ते पुस्तक

हत्तीचा वाढदिवस, वेषांतर करून आलेले प्राणी, आणि जेवायची वेळ होते तेव्हा टेबलावरचं सगळं फस्त. चोर चित्रांतून शोधायचा. लहानपणी पाहिलेल्या पुस्तकाचं नाव विचारताना एवढं तुम्ही लिहिलंय, आणि ते पुस्तक मराठी होतं असंही. मला वाटतं तुमची गाडी मराठीपाशीच अडली आहे.

पुस्तकाचं नाव ‘द इलेव्हन्थ अवर’. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेम बेस यांनी लिहिलेलं आणि चितारलेलं, १९८८ सालचं. मूळ इंग्रजी, तेही यमकात.

मीही हे पुस्तक कितीतरी वर्षं मराठीतच शोधत होतो. दर्यापूरकडच्या खेड्यात मामाच्या घरी ते पाहिलं होतं. नागपूरहून कोणीतरी रद्दीच्या भावात आणलेलं. ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर ठेवलेत, त्यांत शोधून झालं. मग नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते दिसलं. उघडलं तर आत एक मराठी अक्षर नाही! आणि तरी प्रत्येक पान ओळखीचं.

तेव्हा उलगडलं. मामा बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून वऱ्हाडीत सांगायचा, “सांग बरं, कोनं खाल्लं असन?” इंग्रजी ओळी आम्हाला वाचता येतच नव्हत्या, डोळे चित्रावर आणि कान मामाकडे. माझ्या डोक्यात पुस्तकाची भाषा म्हणून राहिली ती मामाची. तुम्हाला शाळेतल्या बाई दाखवायच्या म्हणता, तर तुमचंही तसंच झालं असणार.

खात्री करायची तर शेवट आठवा. या पुस्तकाचं उत्तर मागच्या बंद केलेल्या पानांत असतं, ती फोडल्याशिवाय कळत नाही. आमच्या प्रतीची पानं मामानं कधीच फोडू दिली नाहीत. “आधी चोर धरा,” म्हणायचा. आम्ही दुपारभर ओसरीत पालथे पडून चित्रांतली घड्याळं बघायचो. कोण किती वाजता कुठे होतं हे त्यांच्यावरून जुळवायचं असतं. चौकटींच्या नक्षीतही सांकेतिक मजकूर दडवलेला आहे, तो मला मोठेपणी कळला. चोराचं नाव इथे मुद्दाम सांगत नाही.

पण तुमच्या आठवणीत बंद पानं नसतील, आणि एका पानावरचं कोडं सुटलं तरच गोष्ट पुढे सरकायची असं असेल, तर ते पुस्तक वेगळं. मग इंग्लंडच्या अझबोर्न प्रकाशनाची १९८०च्या दशकातली ‘पझल ॲडव्हेंचर्स’ ही मालिका बघा. हत्ती मात्र तिथला नाही, म्हणून माझा कौल पहिल्यालाच.

जुनी प्रत घेणार असाल तर मागची पानं फोडलेली आहेत का, एवढं विकणाऱ्याला आधी विचारा. आणि बाई अजून गावात असतील तर पुस्तक घेऊन आधी त्यांच्याकडे जा.