वाचकांचे प्रश्न : कार्टिंगनंतरची वाट

प्रश्न : माझा मुलगा कार्टिंगच्या, म्हणजे लहान उघड्या गाड्यांच्या शर्यतींच्या, स्पर्धांत भाग घेतो. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत मजल मारता आली नाही, तर कारकीर्द तिथेच संपली असे समजावे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तसे मुळीच समजू नये. डेन्मार्कचे शर्यतपटू टॉम क्रिस्टेन्सन यांनी कार्टिंगपासून सुरुवात करून १९९१ मध्ये जर्मन आणि १९९३ मध्ये जपानी फॉर्म्युला थ्रीचे (फॉर्म्युला वनच्या खालच्या पातळीवरील स्पर्धेचे) विजेतेपद मिळवले. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत मात्र ते कधीच उतरले नाहीत. १९९७ मध्ये योस्ट संघाने त्यांना फ्रान्समधील ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी ऐन वेळी बोलावले आणि मिकेले अल्बोरेटो व स्टेफान योहान्सन यांच्या साथीने त्यांनी ती पहिल्याच प्रयत्नात जिंकली. त्या रात्री, अंधारात, त्यांनी काढलेले वेगवान फेरे हे माझ्या मते त्या विजयाचे खरे मर्म होते. पुढे २००० ते २००५ अशी सलग सहा वर्षे आणि नंतर २००८ व २०१३ मध्येही जिंकून त्यांनी एकूण नऊ विजयांचा विक्रम केला.

अशा दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत तीन चालकांनी एकच गाडी आळीपाळीने चालवायची असल्याने आसन आणि ब्रेकची मांडणी तिघांनाही चालेल अशी ठेवावी लागते, म्हणजे स्वतःची आवडनिवड थोडी बाजूला ठेवावीच लागते. शिवाय सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर संथ जीटी गाड्यांना (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांना) रात्रंदिवस मागे टाकताना घाई केली, तर सगळ्या संघाची मेहनत पाण्यात जाते. तेव्हा मुलाला वेगाबरोबरच टायर जपण्याची आणि गाडीतले दोष मेकॅनिकला नेमक्या शब्दांत सांगण्याची सवय आतापासूनच लावावी.