१९५०च्या दशकातली सहा सिलेंडरची अमेरिकन गाडी हडसन हॉर्नेट रेसमध्ये आठ सिलेंडरच्या व्ही-८ गाड्यांना कशी काय हरवायची?

गंमत इंजिनपेक्षा फ्लोअरमध्ये आहे! हडसनने गाडीचा फ्लोअर चॅसीच्या वर न ठेवता दोन्ही बाजूंच्या बीमच्या मधे खाली सोडला होता, म्हणजे दार उघडून आत जाताना चक्क एक पायरी उतरल्यासारखं व्हायचं, म्हणून त्याला 'स्टेप-डाऊन' म्हणायचे. त्यामुळे सगळं वजन जमिनीजवळ, आणि वळणावर बाकीच्या गाड्या झुकत असताना ही आपली चिकटून निघायची.

इंजिन तसं जुन्या पद्धतीचं फ्लॅटहेडच (व्हॉल्व्ह सिलेंडरच्या वर नाही, बाजूला), पण ३०८ क्युबिक इंच म्हणजे जवळपास ५ लिटर, वर दोन कार्ब्युरेटर (ट्विन एच-पॉवर), टॉर्क (चाकं फिरवायची ताकद) भरपूर. शिवाय कंपनी 'सिव्हिअर युसेज' म्हणजे 'खडतर वापर' या नावाखाली मजबूत पार्ट विकायची, ते खरे रेसवाल्यांसाठी होते हे सगळ्यांना माहीत होतंच 😄

१९५२ मध्ये नॅस्कर या अमेरिकेतल्या कार रेसिंग मालिकेच्या ३४ पैकी २७ रेस हडसनने मारल्या. हर्ब थॉमस १९५१ आणि ५३ चा चॅम्पियन, मधल्या वर्षी टिम फ्लॉक, तोही हॉर्नेटवरच.

थॉमसची ९२ नंबरची हॉर्नेट रिस्टोर करून मिशिगनमधल्या इप्सिलँटीच्या म्युझियममध्ये ठेवलीय, आणि ती जागा म्हणजे पूर्वीची हडसनचीच डीलरशिप. गाडीच्या बाजूवर 'फॅब्युलस हडसन हॉर्नेट' असं मोठ्ठं रंगवलेलं. मला विचाराल तर रिस्टोर केलेल्या रेसिंग गाड्या जरा जास्तच चकचकीत करतात, धुरळा खाल्लेल्या गाडीला दोनचार पोचे शोभतात. पण आतली ती 'पायरी' मात्र नक्की बघा.